न टाकलेलं मत

१४, चॅपल स्ट्रीट, कॉल्डरशॉ
६ फेब्रुवारी १९९४

प्रिय सिरिल,

नाताळचं कार्ड मिळालं. आत फक्त तुझी सही. सख्ख्या बहिणीला नुसती सही पाठवतोस, आणि पेपरात चाळीस वर्षं रकानेच्या रकाने भरलेस. फोन करावा तर तुला पलीकडचं ऐकू येत नाही, म्हणून मीच कागद घेऊन बसले आहे.

अर्नीचं काही खरं नाही. सकाळी बरा असतो. चहा पितो, पेपर उलटा धरून का होईना पण बघतो, शेजारच्या मांजराला दोन शिव्या घालतो. दुपार झाली की गेला. परवा मला विचारलं, "बाई, तुमच्या घरी कुणी नाही का?" मी म्हटलं, आहे एक म्हातारा, पण काही कामाचा नाही. त्यावर इतका हसला की मलाही हसू आलं. मग मोरीत जाऊन रडून घेतलं.

लिहायचं कारण वेगळंच आहे. थंडी सुरू झाल्यापासून रोज सकाळी चहा झाला की तो निळा ओव्हरकोट चढवतो आणि कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी जाऊन उभा राहतो. छातीवर हात ठेवून, पाच-दहा मिनिटं. परत आला की मी विचारते, "टाकलं का?" तो म्हणतो, "नाही गं." मला वाटायचं, चाललंय त्याचं काहीतरी.

सोमवारी तो कोट धुवायला द्यायला काढला. तुला आठवत असेल, क्लबनं सगळ्या खेळाडूंना दिलेला. आतला खिसा शिवलेला निघाला. टाके माझे नव्हेत. बुटांना लावायच्या मेणाच्या दोऱ्याचे, लांब आणि वेडेवाकडे, म्हणजे अर्नीचेच. उसवले तर आत पाकीट. वर तुझं अक्षर, पत्ता फुटबॉल लेखकांच्या संघाच्या सचिवाचा, लंडनचा. अडीच पेनीचं तिकीट, राणीच्या तरुणपणीचं. शिक्का नाही. सव्वीस वर्षं टपाल कचेरीच्या खिडकीत बसले मी, शिक्का न बसलेलं पाकीट मला लांबून ओळखू येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच, डोकं ठिकाणावर असताना, त्याच्यासमोर धरलं. तो जिन्याच्या पायरीवर बसला आणि सगळं सांगितलं, एकही शब्द इकडचा तिकडे नाही. त्या वर्षी वर्षातला सर्वोत्तम खेळाडू निवडायची मतं तुम्ही लेखक लोक टपालानं पाठवत होतात. तुला गाडी गाठायची होती, तू पाकीट ह्याच्या हातात दिलंस आणि पेटीत टाक म्हणालास. आणि हा शहाणा पेटीपाशी जाऊन उभा राहिला. म्हणतो, "आत माझंच नाव असणार. आपलं मत आपल्याच हातानं कसं टाकायचं? बरं दिसतं का?" उद्या डोरीनला टाकायला सांगू म्हणून घरी घेऊन आला, आणि उद्या मुदत टळली. मग निकाल लागला. लंडनचा तो टोनी व्हेरॉल एका मतानं जिंकला.

एका मतानं, सिरिल. आणि एक मत ह्याच्या कोटात.

लाजेनं कुणाला बोलला नाही, खिसा शिवून टाकला. अडतीस वर्षं माझ्या शेजारी झोपला आणि मला पत्ता नाही. बक्षीस गेल्याचं त्याला दुःख नाही, हे मी शपथेवर सांगते. त्याला खुपतं ते दुसरंच. म्हणतो, "सिरिलनं जन्मात एकदा माझी बाजू घेतली, आणि ती मी खिशात घातली." तुझं ते पेपरातलं "हॅस्लम नेहमीप्रमाणे भक्कम" आठवतंय ना? दर शनिवारी संध्याकाळच्या, गुलाबी कागदावरच्या खेळांच्या अंकात मोजून तीन शब्द. सख्खा मेव्हणा असून तीन.

डॉक्टर म्हणतात, सकाळचे हे दोन तास फार दिवस राहायचे नाहीत. ते जायच्या आत त्याच्या मनावरचं हे ओझं मला उतरवायचं आहे. तुझी परवानगी हवी. दुसऱ्याचं बंद पाकीट मी फोडत नाही, तेवढी नोकरीची लाज अजून आहे. तू हो म्हण, मी फोडते, आतला कागद काचेत बसवून पलंगासमोर टांगते. मत पोचलं नाही ते नाही. पण तू दिलं होतंस हे त्याला रोज दिसू दे. सोबत तुझ्याही दोन ओळी दे, राग नाही म्हणून.

तुझी,
डोरीन


मोरकॅम
११ फेब्रुवारी १९९४

प्रिय डोरीन,

पत्र मिळालं. अर्नीची तब्येत वाचून वाईट वाटलं. इथे वारा फार आहे. गुडघ्यामुळे समुद्रावर जाणं बंद केलं आहे. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी मासा आणून दिला होता, चांगला होता.

पाकिटाबद्दल. तो दिवस मला चांगला आठवतो. बुधवारची दुपारची मॅच होती. मी फोनवरून बातमी सांगितली, आणि मला रात्री ब्रॅडफर्डला पोचायचं होतं. अर्नी अंघोळ करून बाहेर येत होता. मुदत दुसऱ्या दिवशीची होती. एवढंच.

ते फोडू नकोस. आमच्या संघाचा नियम होता की मत गुप्त राहिलं पाहिजे. कुणी कुणाला दिलं हे कुणी सांगायचं नाही, मेल्यावरसुद्धा नाही. नियम तो नियम. पाकीट आहे तसं रजिस्टर्ड टपालानं मला पाठव, खर्च मी देईन.

अर्नीला सांग, मला राग नाही. मुळीच नाही. त्याच्याकडून काहीही चूक झालेली नाही, हे त्याला माझ्या नावानं ठणकावून सांग. आणि त्याला थंडीत बाहेर सोडू नकोस.

तुझा,
सिरिल


कॉल्डरशॉ
१५ फेब्रुवारी १९९४

प्रिय सिरिल,

ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. गुप्त कुणापासून? सचिव जाऊन वीस वर्षं झाली, व्हेरॉलही गेला, गुलाबी अंक बंद पडला. उरलो आपण तिघं, त्यातला एक अर्धा. आणि माशाचं काय सांगतोस मला?

तुझं सगळं मला कळतं. तू आत नुसतं नाव लिहून थांबला नसशील. त्याखाली दोन ओळी मेव्हण्याच्या कौतुकाच्या लिहिल्या असशील, आणि आता त्याची लाज वाटते. पेपरात कधी चांगलं लिहिलं नाहीस ना, मग ते पाकिटात भरलंस. अरे, बाहत्तराव्या वर्षी कसली लाज?

तुझा निरोप त्याला सांगितला. राग नाही, चूक नाही, सगळं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सिरिल असाच आहे. मोठ्या मनाचा." दुसऱ्या दिवशी पुन्हा कोट घालून पेटीपाशी. नुसत्या निरोपानं भागत नाही. त्याला डोळ्यांना काहीतरी दिसायला हवं.

तुला एक गोष्ट कधी बोलले नव्हते, आता बोलते. त्या वर्षी फेब्रुवारीतल्या एका रविवारी तू जेवायला आला होतास. जेवण झाल्यावर चुलीपाशी पाय शेकत म्हणालास, "डोरीन, कापड घेऊन ठेव. लंडनच्या मेजवानीला बायकांनाही बोलावतात." मी हिरवं साटिन घेतलं. गळ्याला मोत्यांची शिवण घातली, आठ दिवस लागले. निकाल आला आणि तो झगा तसाच ट्रंकेत गेला. पुढे त्याच्या उशा केल्या. एक अजून अर्नीच्या पाठीला असते. मी तुला दोष देत नाही, तू आपल्या आनंदात बोलून गेलास. पण एवढी खात्री होती म्हणजे मत कुणाला दिलंस हे काय मला सांगायला हवं?

आणि मग तू रविवारचा यायचा बंद झालास. काम फार आहे म्हणायचास. तुझी ऑड्री बिचारी एकटीच यायची केक घेऊन. मला वाटायचं, अर्नी हरल्याचं आमच्यापेक्षा तुलाच जास्त लागलंय. खरं की नाही?

परवानगी दे आणि मोकळा हो. पाकीट घड्याळामागे ठेवलं आहे. मी वाट बघते.

डोरीन


मोरकॅम
२० फेब्रुवारी १९९४

प्रिय डोरीन,

तीन वेळा लिहिलं आणि फाडलं. आता सरळ लिहितो, बातमी सांगावी तसं.

आत अर्नीचं नाव नाही. व्हेरॉलचं आहे.

का, ते सांगतो, पण ते कारण पुरेसं नाही हे मलाही कळतं. पत्रकारांच्या बाकावर मला कुणी सिरिल म्हणायचं नाही, मेव्हणेबुवा म्हणायचे. अर्नीनं चेंडू अडवला की लंडनचा कुणीतरी कोपर मारायचा, "लिहा मेव्हणेबुवा, घरची बातमी आहे." म्हणून मी त्याच्याबद्दल कमी लिहायला लागलो. आधी पाच ओळी, मग दोन, मग ते तीन शब्द. मला वाटायचं, ही माझी सचोटी. व्हेरॉलचा क्लब आपल्याकडे खेळायला आला होता ना, त्या दिवशी मी वहीत खुणा केल्या होत्या. नव्वद मिनिटांत व्हेरॉलच्या पायाला चेंडू अकरा वेळा लागला, आणि अकराही वेळा त्याला मागे वळावं लागलं, कारण समोर अर्नी उभा होता. असा खेळ मी आधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. वही मिटली आणि फोनवर सांगितलं, हॅस्लम नेहमीप्रमाणे भक्कम.

तुला कापड घे म्हणालो तेव्हा मी मनापासून बोललो होतो. त्याला मत द्यायचं ठरलेलंच होतं. पण त्या बुधवारी मध्यंतरात चहाच्या रांगेत माझ्यामागे दोघं जण बोलत होते. एक म्हणाला, सगळी मतं मोजायची काय गरज आहे, मेव्हणेबुवांचं कुणाला ते तर आत्ताच मांडून ठेवा. दोघं हसले. मी तिथंच भिंतीला कागद लावून व्हेरॉलचं नाव लिहिलं आणि पाकीट चिकटवलं. त्यांना दाखवायलासुद्धा नाही, कारण मत गुप्त होतं. कुणालाच कधी कळणार नव्हतं. विचार कर, कुणाला दाखवायला मी हे केलं?

आणि दिलं कुणाच्या हातात? गाडी सुटायला सात मिनिटं होती, समोर तोच आला. त्यानं पत्ता वाचला आणि हसला. कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि वरून दोनदा थोपटलं. ते थोपटणं मी विसरलो नाही. निकाल एका मतानं लागला तेव्हा मी हिशोब केला की ते एक मत माझं. रविवारी कुठल्या तोंडानं येणार होतो? तुझ्या हातचं जेवून त्याच्यासमोर बसायचं होतं मला. जमलं नाही. काम फार असतं, असं तुला सांगत राहिलो.

आता तू लिहितेस की पाकीट पोचलंच नाही. म्हणजे माझ्या मतानं तो हरला नाही. हे वाचून मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. नीट वागलो असतो आणि स्वतः पेटीपर्यंत चालत गेलो असतो तर बरोबरी झाली असती.

ते जाळून टाक. त्याला सांगू नकोस. त्याला वाटतं ते वाटू दे.

सिरिल


कॉल्डरशॉ
१३ मार्च १९९४

सिरिल,

तीन आठवडे लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर ते तुला वाचवलं नसतं. तुझं पत्र दोनदा वाचलं आणि घड्याळामागे त्या पाकिटाशेजारी ठेवलं. मग मी उशी उसवली. का, माहीत नाही. हिरव्या साटिनचा रंग शिवणीच्या आत अजून तसाच आहे.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. परक्यानं केलं असतं तर गल्लीभर ओरडून सांगितलं असतं.

तू सांगू नकोस म्हणालास. मी सांगितलं. रागानं नव्हे. मला वाटलं, मत ह्याच्यासाठी नव्हतंच हे कळलं तर ते न टाकल्याची टोचणी तरी जाईल. दोन मार्चला सकाळी आठ वाजता, चहाच्या पहिल्या कपाला, तुझं पत्र त्याला वाचून दाखवलं. पाकीटही फोडलं, तुझीच कबुली हातात असताना आता कसली परवानगी? तो कागद त्यानं उजेडात धरला, व्हेरॉलचं नाव बोट फिरवून वाचलं.

मग म्हणाला, "म्हणजे बरंच झालं की टाकलं नाही. दोन मतांनी हरलो असतो."

आणि हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. मीही हसले. कित्येक महिन्यांत आम्ही दोघं एकाच गोष्टीला हसलो नव्हतो. तुला एक शिवीही घातली, प्रेमाचीच. म्हणाला, "चहाच्या रांगेत ठरवलं? गाढव आहे." मग अकरा वेळांचा हिशोब मला पुन्हा वाचायला लावला. म्हणाला, "बारा होते. एकदा गोलपाशी." दिवसभर खुशीत होता, दुपारीसुद्धा. मी देवाचे आभार मानले.

दुसऱ्या दिवशी उठून पाहते तर अंगात कोट. पेटीपाशी उभा, छातीवर हात. सगळं विसरला होता, सिरिल. हसलेला विसरला, तुझं पत्र विसरला. टोचणी तेवढी राहिली. मी पुन्हा सांगितलं. पुन्हा हसला, पण थोडंच. तिसऱ्या दिवशी हसलाच नाही. "व्हेरॉलचं? सिरिलनं?" एवढं म्हणाला आणि तोंड भिंतीकडे केलं. संध्याकाळपर्यंत जेवला नाही. त्याच्यासाठी ती रोज नवीच बातमी. रोज सकाळी मी त्याच्या छातीत तेच नव्यानं खुपसायचं, हे माझ्यानं होणार नाही. बंद केलं.

आता माझं ऐक. मी तुला खोटं लिही म्हणत नाही. आज तुला कुणी मत विचारलं, त्या वर्षीचा सगळ्यात चांगला खेळाडू कोण, तर तू काय लिहिशील? ते लिही. पाकिटात घाल, तोच पत्ता घाल, तिकीट लाव आणि मला पाठव. तो रोज पेटीपाशी जातो तो काहीतरी टाकायचं राहिलंय म्हणून. त्याच्या हातात टाकायला काहीतरी दे. तो टाकेल आणि घरी येईल. लंडनला पत्ता सापडणार नाही, फिरून तुझ्याकडेच येईल, त्याची काळजी करू नकोस. टपालाचं मला कळतं.

वेळ लावू नकोस. परवा त्यानं सकाळीच मला बाई म्हटलं.

डोरीन


मोरकॅम
१७ मार्च १९९४

प्रिय डोरीन,

सोबत पाकीट आहे.

मी आता त्या संघाचा सभासद नाही, तेव्हा हे मत कुठल्याच मोजणीत धरलं जाणार नाही. तरी कागद तसाच आखला, वर मोसमाचं वर्ष घातलं, एकच नाव लिहिलं आणि सही केली. मग खाली जागा होती म्हणून लिहीत गेलो. दोन्ही बाजू भरल्या. पत्रकार होतो तेव्हा जे लिहायचं राहिलं ते बरंचसं त्यात आलं. बारावी वेळ पण घातली, गोलपाशी. त्याचंच बरोबर होतं, मी तेव्हा पेन्सिलीला टोक करत होतो.

त्याला म्हणावं, गाढव म्हणाला ते मिळालं.

सिरिल


कॉल्डरशॉ
२३ मार्च १९९४

प्रिय सिरिल,

पाकीट सोमवारी आलं. मंगळवारी सकाळी चहा झाल्यावर मी ते त्याच्या हातात दिलं. म्हटलं, सिरिलनं दिलंय, पेटीत टाकायचं आहे. त्यानं पत्ता वाचला. तू लिहिलं होतंस तसाच हसला. आतल्या खिशात ठेवलं, वरून दोनदा थोपटलं आणि निघाला. मी खिडकीत उभी होते. म्हटलं, सुटलो एकदाचे.

पेटीपाशी गेला. पाकीट काढलं, पेटीच्या तोंडाशी नेलं, आणि थांबला. मग पुन्हा खिशात घातलं आणि घरी आला.

मी विचारलं, "काय झालं रे? का नाही टाकलंस?"

म्हणाला, "आत माझंच नाव असणार गं. आपलं मत आपल्याच हातानं कसं टाकायचं?"

आता सांग, काय करायचं ह्या माणसाचं? मांजराचं नाव गेलं, माझं जायच्या वाटेवर आहे, आणि हे तेवढं जागच्या जागी आहे. मी म्हटलं, दे, मी टाकते. तर म्हणतो, तू बायको, तूही नको, लोक काय म्हणतील. मग काय करायचं, असं विचारल्यावर म्हणाला, "सिरिलला बोलाव. ज्याचं मत त्यानं टाकावं."

आयुष्यात ह्या माणसानं कुणाकडे काही मागितलं नाही. तू ये. गुडघ्याचं सांगू नकोस, स्टेशनवर शेजारचा मोटार घेऊन येईल. गुरुवारी सकाळी ये, म्हणजे चहाच्या वेळेला पोचशील. तुझ्यासाठी काळे वाटाणे शिजवून ठेवते, भरपूर व्हिनेगर घालून. अडतीस वर्षं पानावर बसला नाहीस तू माझ्या.

डोरीन


मोरकॅम
२ एप्रिल १९९४

प्रिय डोरीन,

सुखरूप पोचलो. वाटाणे डब्यात दिलेस ते काल संपवले.

तुला एक गोष्ट खोटी सांगून आलो. कोपऱ्यावरून परत आलो तेव्हा तू दारातच विचारलंस, टाकलं का, आणि मी हो म्हणालो. त्याच्यासमोर दुसरं काही बोलवेना. टाकलेलं नाही. काय झालं ते आता सांगतो.

गाडी दोन तास उशिरा आली हे तुला माहीत आहे. दीड वाजता मी घरात आलो तेव्हाच त्याच्या डोळ्यांवरून मला कळलं होतं, पण तू इतकी उत्साहात होतीस की बोललो नाही. पहिली गाडी साडेसहाची होती. ती मी मुद्दाम धरली नाही. पहाटेपासून जागा होतो, बूट घालून बसलो होतो, आणि नुसता बसून राहिलो. बैल गेल्यावर झोपा करायची माझी जुनी सवय आहे.

तू म्हणालीस तुम्ही दोघंच जा. आम्ही गेलो. रस्त्यात तो हवेबद्दल बोलला, पाऊस येणार नाही म्हणाला. पेटीपाशी आल्यावर मला म्हणाला, "तुम्हाला काही टाकायचं असेल तर टाका. माझं आज राहू दे." मी हात पुढे केला. म्हटलं, द्या, मी टाकतो.

तो एक पाऊल मागे झाला आणि डावा खांदा माझ्यासमोर आडवा आणला. ते उभं राहणं मी कुठेही ओळखीन. धावत येणाऱ्याला असाच कडेच्या रेषेकडे ढकलत न्यायचा. म्हणाला, "हे सिरिलचं आहे. त्याच्याच हातात द्यायचं आहे. राग मानू नका, पण अनोळखी माणसाला कसं देऊ?"

मी म्हटलं, "अर्नी, मीच सिरिल."

त्यानं माझ्याकडे निरखून पाहिलं. रागानं नव्हे, चुकलेल्या माणसाला पत्ता सांगावा तशा मायेनं. म्हणाला, "सिरिलचे केस काळे आहेत."

मी तिथंच उभा राहिलो. त्यालाच माझी दया आली असावी, कारण तो आपणहून बोलायला लागला. विचारलं, सिरिलला ओळखता का? मी म्हटलं, थोडाफार. तर म्हणाला, "भला माणूस आहे. लिहितो कमी. पण मला मत दिलंय त्यानं." आणि खिसा थोपटला. डोरीन, पहिल्या वेळी ते खोटं होतं. ह्या वेळी ते खरं आहे, आत दोन्ही बाजूंनी लिहिलेलं आहे, आणि मी समोर उभा राहून त्याला तेवढंही सांगू शकलो नाही.

दुपारची टपालाची गाडी आली. माणसानं पेटी उघडली, पिशवीत सगळं ओतलं, कुलूप लावलं आणि गेला. आम्ही दोघंही बघत राहिलो. मग अर्नी म्हणाला, "भेटला तर एक सांगाल त्याला? टाकलं नाही, पण हरवलंही नाही."

सांगतो म्हणालो. रस्ता ओलांडताना त्यानं माझं कोपर धरलं, मी पडेन म्हणून. दारापर्यंत सोडलं नाही.

पाकीट त्याच्याकडेच राहू दे. काढून घेऊ नकोस, काचेतही लावू नकोस. आता रविवारी येत जाईन म्हणतो, पहिल्या गाडीनं, सकाळच्या चहाआधी. ओळखलं तर ओळखलं. नाही ओळखलं तर पेटीपर्यंत जाऊन परत येऊ. पुढच्या रविवारी येतोच. घड्याळामागचा तो जुना कागद तेवढा मी आलो की मला दे, तो माझा आहे.

तुझा,
सिरिल